दूरच्या संगणकावरचे चित्र अडते कुठे?

अमरावतीत बसून पुण्यातल्या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण मोबाइलवर बघता येते. चित्र स्वच्छ असते, आवाज तुटत नाही. त्याच इंटरनेटवरून पुण्यातल्या एखाद्या मोठ्या संगणकावर लॉगिन केले, तर अक्षरांतली कामेही झटपट होतात. आज्ञा टाइप केली की उत्तर येते, फाइल मागितली की उघडते. पण त्याच संगणकावरचे एखादे त्रिमिती चित्र आपल्या पडद्यावर मागवले की घोडे अडते. कधी ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ असा संदेश येतो आणि काहीच उघडत नाही. कधी खिडकी उघडते, पण आत नुसता काळोख असतो. कधी चित्र येते, पण माउसने फिरवले की दोन-तीन सेकंद जागचे हलत नाही आणि मग एकदम उडी मारते. अख्खा सिनेमा वाहून आणणाऱ्या लाइनला एक फिरता ठोकळा का झेपू नये?

हा प्रश्न संगणकाच्या विद्यार्थ्यांपुरता नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात कोणी पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याचा अभ्यास करतो आहे असे समजा. जमिनीखाली खारे पाणी कुठल्या थरात आहे आणि गोडे कुठल्या, याचे गणित घरच्या लॅपटॉपवर मावत नाही. ते मोठ्या संगणकावर करावे लागते. उत्तर आकड्यांत येते, आणि लाखो आकडे नुसते वाचून काही कळत नाही. थरांचे चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून बघितले तरच अर्थ लागतो. चित्र अडले म्हणजे अभ्यास अडला.

मोठा संगणक दूर असणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक या संगणन संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. पुढे २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले. त्यातून पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली परम ब्रह्म आला आणि २०२४ साली खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रासाठी परम रुद्र. असल्या यंत्राजवळ जाऊन कोणी बसत नाही, सगळे दुरूनच वापरतात. म्हणूनच दुरून चित्र बघण्याची विद्या नीट समजून घ्यायला हवी.

त्या विद्येचा गाभा एका प्रश्नात आहे: चित्र नेमके कुठे काढले जाते, तिथे की इथे? हा प्रश्न आधी विचारला, तर पुढचे बहुतेक दोष आपोआप उलगडतात. तो न विचारता सेटिंग बदलत बसले, तर आठवडा जातो आणि हाती काही लागत नाही.

पडदा इथे, प्रोग्रॅम तिथे

लिनक्सच्या जगात खिडक्या, बटणे आणि चित्रे पडद्यावर आणण्याचे काम अनेक वर्षे ‘एक्स विंडो सिस्टिम’ ही व्यवस्था करत आली आहे. तिचा जन्म अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ साली झाला. बॉब शायफलर आणि जिम गेटिस हे तिचे मुख्य शिल्पकार. संस्थेच्या आवारात निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक विखुरलेले होते आणि कुठल्याही संगणकावरचा प्रोग्रॅम कुठल्याही पडद्यावर दिसावा अशी गरज होती. त्यामुळे ही व्यवस्था पहिल्या दिवसापासूनच नेटवर्कचा विचार करून बांधली गेली. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली. तिलाच एक्स-इलेव्हन म्हणतात, आणि आजही तीच चालू आहे. अलीकडच्या लिनक्समध्ये वेलँड ही नवी व्यवस्था आली असली, तरी एक्सवरचे प्रोग्रॅम तिच्यातही चालतील अशी सोय ठेवलेली आहे.

इथे नवशिक्यांचा एक हमखास गोंधळ होतो. आपण सर्व्हर म्हणतो तो पुण्यातल्या मोठ्या संगणकाला. एक्सच्या भाषेत मात्र सर्व्हर म्हणजे पडदा, माउस आणि कीबोर्ड सांभाळणारा भाग. तो आपल्या टेबलावरच असतो. पुण्यातला प्रोग्रॅम हा त्याचा ग्राहक, म्हणजे क्लायंट. ‘इथे रेघ ओढ, तिथे खिडकी उघड’ अशा विनंत्या तो धाडतो आणि आपल्याकडचा एक्स सर्व्हर त्या पुऱ्या करतो.

यातून पहिली व्यावहारिक गोष्ट निघते. आपल्या संगणकावर एक्स सर्व्हर चालू नसेल, तर पुण्याहून आलेल्या विनंत्या ऐकायलाच कोणी नसते. लिनक्सवर तो बहुधा असतोच. विंडोजवर मोबाएक्सटर्म, व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा एक्समिंग यांपैकी काहीतरी बसवावे लागते. मॅकवर एक्सक्वार्ट्झ लागतो. पुष्कळांची अडचण इतक्यावरच संपते.

सुरक्षित वाटेने चित्र

सुरुवातीच्या काळात या विनंत्या नेटवर्कवरून उघड्याच जात. पासवर्डही तसेच उघडे जात. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणी तरी चोरून पासवर्ड टिपले, तेव्हा तातू इलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच तयार केले. दोन संगणकांमधले सगळे बोलणे कूटबद्ध करणारी ही पद्धत आज जगभर दूरच्या लॉगिनसाठी वापरली जाते.

एसएसएच अक्षरांबरोबर एक्सच्या विनंत्याही त्याच कूटबद्ध मार्गाने आणू शकते. याला एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंग म्हणतात. आज्ञा देताना वजा चिन्हाला जोडून कॅपिटल एक्स किंवा कॅपिटल वाय लिहिले की ही सोय सुरू होते. त्यानंतर पडद्याआड तीन गोष्टी घडतात.

एक, पुण्याच्या संगणकावर एक लटका पडदा तयार होतो. त्याचा क्रमांक बहुधा १० पासून सुरू होतो.

दोन, ‘डिस्प्ले’ नावाच्या एका चलात या पडद्याचा पत्ता लिहिला जातो. तो ‘लोकलहोस्ट:१०.०’ असा दिसतो. प्रोग्रॅम हा पत्ता वाचून आपल्या विनंत्या तिथे धाडतो. तिथून एसएसएच त्या उचलते आणि अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या खऱ्या पडद्यापर्यंत आणते.

तीन, परवानगीची एक गुप्त खूण दिली जाते. तिला ‘मॅजिक कुकी’ म्हणतात. ही खूण दाखवणाऱ्यालाच पडद्यावर चित्र काढता येते. पुण्याच्या संगणकाला एसएसएच खरी खूण देत नाही, तिच्या जागी एक बनावट खूण देते आणि आपल्या टोकाला ती तपासून खरी खूण लावते. त्यामुळे आपल्या पडद्याची खरी किल्ली आपल्याजवळच राहते.

तिथला संगणक ही खूण घरफोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत लिहितो, आणि ते काम एक्सऑथ नावाचा चिमुकला प्रोग्रॅम करतो. तो तिथे बसवलेला नसेल तर फॉरवर्डिंग होत नाही. बसवलेला असूनही अडचण येऊ शकते. मोठ्या संगणकांवर प्रत्येकाला जागेचा ठरावीक कोटा असतो. कोटा भरला की एवढीशी फाइलही लिहिता येत नाही, आणि काल चाललेले चित्र आज अचानक बंद पडते. अशा वेळी माणूस नेटवर्कला दोष देत राहतो. खरे कारण असते जुन्या फाइलींनी भरलेले फोल्डर.

फोनवरून सांगितलेली रांगोळी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अकोल्याच्या अंगणात रांगोळी काढायची आहे आणि नमुना पुण्यातल्या ताईला ठाऊक आहे. दोन मार्ग आहेत. ताई फोनवर सांगेल, ‘पाच बाय पाच ठिपके काढ, पहिल्याला तिसरा जोड,’ आणि इकडची मुलगी तसे काढील. किंवा ताई पुण्यातच रांगोळी काढील आणि तिचा फोटो पाठवील. ठिपक्यांची साधी रांगोळी असेल, तर फोनवरच्या चार वाक्यांत काम भागते. हजारो ठिपके, शेकडो रंगछटा आणि गालिचाएवढी मोठी रांगोळी असेल, तर सूचना सांगण्यातच रात्र संपेल. तिथे फोटोच बरा.

एक्सची मूळ पद्धत सूचना धाडण्याची. बटणे, मेनू, साधे आलेख यांना ती उत्तम लागू पडते. त्रिमिती चित्रे मात्र गालिचाच्या जातीची असतात. ती काढण्यासाठी सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९२ साली ओपनजीएल नावाची सूचनांची भाषा आणली. ओपनजीएल आणि एक्स यांना जोडणारा दुवा म्हणजे जीएलएक्स.

प्रोग्रॅम ज्या संगणकावर चालतो तिथल्याच ग्राफिक्स कार्डाशी तो थेट बोलला, तर त्याला थेट रेखाटन म्हणतात. सूचना नेटवर्कवरून दुसरीकडच्या एक्स सर्व्हरकडे गेल्या आणि चित्र तिथे निघाले, तर ते अप्रत्यक्ष रेखाटन. साध्या एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंगमध्ये त्रिमिती चित्र बहुधा या दुसऱ्या मार्गाने यायला बघते. म्हणजे पुण्याच्या संगणकात महागडे ग्राफिक्स कार्ड असले, तरी ते स्वस्थ बसून राहते. सगळी मेहनत अकोल्याच्या लॅपटॉपवर येऊन पडते.

ओझे किती पडते ते मोजून बघू. खारपाण पट्ट्याच्या मॉडेलमध्ये १० लाख त्रिकोण आहेत असे धरा. प्रत्येक त्रिकोणाला तीन कोपरे. कोपऱ्याची जागा सांगायला १२ बाइट आणि त्यावर उजेड कसा पडेल हे सांगायला आणखी १२. एकूण ७ कोटी २० लाख बाइट, म्हणजे ५७६ मेगाबिट. सेकंदाला ५० मेगाबिट वाहणाऱ्या लाइनवर त्याला साडेअकरा सेकंद लागतील. ही सगळी यादी दर वेळी नव्याने धाडणारा जुन्या धाटणीचा प्रोग्रॅम असेल, तर चित्र फिरवताना प्रत्येक हालचालीला साडेअकरा सेकंद थांबावे लागेल.

याच्या जोडीला एक ऐतिहासिक अडचण आहे. जीएलएक्सचा नेटवर्कवरून बोलण्याचा भाग ओपनजीएलच्या जुन्या आवृत्त्यांपाशीच थबकला. नव्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या पुष्कळ सूचना त्या मार्गाने धाडताच येत नाहीत. शिवाय डिसेंबर २०१४ मध्ये या भागातले सुरक्षेचे गंभीर दोष जाहीर झाले. २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या एक्स सर्व्हरच्या १.१७ या आवृत्तीपासून अप्रत्यक्ष रेखाटन मुळातच बंद ठेवण्यात आले. ज्यांना हवे त्यांनी मुद्दाम चालू करावे, असे धोरण ठरले. जुन्या लॅपटॉपवर चालणारे चित्र नव्या लॅपटॉपवर काळे का दिसते, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

अप्रत्यक्ष रेखाटन जमले नाही, तर प्रोग्रॅम तिसऱ्या पर्यायावर उतरतो. ग्राफिक्स कार्ड सोडून तो चित्राचे गणित साध्या प्रोसेसरवर करतो. याला सॉफ्टवेअर रेखाटन म्हणतात. लिनक्सवर ते मेसा या संचातला एलएलव्हीएमपाइप हा भाग करतो. चित्र बरोबर येते, पण मोठ्या मॉडेलला फार वेळ लागतो.

सिनेमा चालतो, ठोकळा का अडतो?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. नेटवर्कचे दोन गुण वेगवेगळे असतात. एका सेकंदात किती माल वाहून येतो, ही झाली बँडविड्थ. एक प्रश्न जाऊन त्याचे उत्तर परत यायला किती वेळ लागतो, ही झाली लेटन्सी. जाहिरातीत लिहिलेले ‘१०० एमबीपीएस’ बँडविड्थबद्दल सांगते, लेटन्सीबद्दल काहीच सांगत नाही.

सिनेमाला बँडविड्थ पुरते. तो एकाच दिशेने येतो, आधीच दाबून लहान केलेला असतो आणि पुढची काही सेकंदे आगाऊ उतरवून ठेवता येतात. वाटेत अर्धा सेकंद खोळंबा झाला तरी साठ्यावर निभावते. तुम्ही फिरवत असलेल्या मॉडेलचे पुढचे चित्र मात्र आगाऊ आणता येत नाही, कारण तुमचा माउस आता कुठे वळणार हे पुण्याच्या संगणकाला ठाऊक नसते. प्रत्येक हालचाल तिकडे पोचली पाहिजे आणि तिचे उत्तर इकडे आले पाहिजे.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अमरावती ते पुणे अंतर ६०० किलोमीटर धरले तर ३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ६. तंतूतून याहून वेगाने जाणे निसर्गालाच मान्य नाही. प्रत्यक्षात तारा सरळ रेषेत नसतात आणि वाटेतली यंत्रे थोडा थोडा वेळ घेतात, म्हणून हा आकडा कितीतरी वाढतो. ४० मिलिसेकंद धरू. एकदा जाण्या-येण्याला हा वेळ नगण्यच. पण एक्सच्या भाषेत बोलणारे पुष्कळ प्रोग्रॅम खिडकी उघडताना शेकडो प्रश्न एकामागून एक विचारतात: पडदा केवढा आहे, रंग किती आहेत, ही अक्षरे आहेत का. प्रत्येक उत्तराची वाट बघितल्याशिवाय पुढचा प्रश्न निघत नाही. असे ५०० प्रश्न गुणिले ४० मिलिसेकंद म्हणजे २० सेकंद. मुलगी प्रत्येक ठिपक्यानंतर ‘काढला, आता पुढे?’ असे विचारून ताईच्या उत्तरासाठी थांबत राहिली तर जे होईल, तेच हे. अशा वेळी दुप्पट वेगाचे महाग कनेक्शन घेऊनही फरक पडत नाही. पैसे जातात आणि खिडकी २० सेकंदच घेते.

चित्र तिथेच काढा, इकडे फोटो पाठवा

यावरचा उपाय म्हणजे दिशा बदलणे. डेटा पुण्यात आहे, दणकट ग्राफिक्स कार्ड पुण्यात आहे, तर चित्रही पुण्यातच काढावे आणि तयार प्रतिमा दाबून इकडे धाडावी.

व्हर्च्युअलजीएल हे मुक्त सॉफ्टवेअर नेमके हेच करते. त्याची सुरुवात तेल आणि वायूच्या शोधासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लँडमार्क ग्राफिक्स या कंपनीत झाली. जमिनीखालच्या थरांची प्रचंड चित्रे दुरून बघण्याची गरज त्या उद्योगाला होतीच. व्हर्च्युअलजीएल प्रोग्रॅम आणि ओपनजीएल यांच्या मध्ये उभे राहते. प्रोग्रॅमने दिलेल्या त्रिमिती सूचना ते वाटेतच उचलते, तिथल्या ग्राफिक्स कार्डाकडून न दिसणाऱ्या जागेत चित्र काढून घेते आणि पुरे झालेले चित्र वाचून पुढे धाडते. प्रोग्रॅममध्ये काहीही बदल करावा लागत नाही. त्याच्या नावाआधी व्हीजीएलरन ही आज्ञा लिहिली की झाले. बटणे आणि मेनू यांच्या साध्या सूचना मात्र आहेत तशाच पुढे जातात.

प्रतिमेचे ओझे किती होते? १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पूर्ण पडद्याला प्रत्येक ठिपक्याचे तीन बाइट धरले, तर एक चित्र ६२ लाख बाइटचे होते. सेकंदाला ३० चित्रे न दाबता धाडली, तर दीड गिगाबिट लागतील. ते अशक्य. पण खिडकी १२८० बाय ७२० ची ठेवली, सेकंदाला १५ चित्रे घेतली आणि प्रत्येक चित्र विसाव्या हिश्शाइतके दाबले, तर सुमारे १७ मेगाबिटमध्ये भागते. शिवाय हा आकडा मॉडेलवर अवलंबून नसतो. त्रिकोण १० लाख असोत की १० कोटी, फोटोचा आकार जवळपास तेवढाच राहतो. मोठ्या अभ्यासासाठी हा मार्ग योग्य ठरतो तो यामुळेच.

उघडण्याच्या वेळच्या शेकडो प्रश्नांचे काय? त्यासाठी व्हीएनसी. ही पद्धत १९९० च्या दशकात केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्यात पडदाच पुण्याच्या संगणकावर चालतो आणि आपल्याकडे फक्त त्याची प्रतिमा येते. प्रोग्रॅम आणि पडदा शेजारी असल्यामुळे त्यांची प्रश्नोत्तरे क्षणात उरकतात. टर्बोव्हीएनसी ही तिची त्रिमिती कामासाठी वेगवान केलेली आवृत्ती व्हर्च्युअलजीएलच्या जोडीने वापरतात.

वऱ्हाडात या पद्धतीचा आणखी एक मोठा फायदा आहे. साध्या फॉरवर्डिंगमध्ये लाइट गेली, राउटर बंद पडला, की संपर्क तुटतो आणि तिकडचा प्रोग्रॅमही मरतो. तासाभराचे काम जाते. व्हीएनसीमध्ये पडदा तिकडे जिवंत राहतो. लाइट आली की पुन्हा जोडायचे, काम होते तिथेच सापडते.

पॅराव्ह्यू हे वैज्ञानिक चित्रांचे मुक्त सॉफ्टवेअर तिसरा मार्ग देते. त्याचा एक भाग पुण्यात डेटाजवळ आणि दुसरा आपल्या लॅपटॉपवर चालतो. मॉडेल छोटे असेल तर ते त्रिकोण इकडे आणते, ठरलेल्या मर्यादेहून मोठे असेल तर चित्र तिकडेच काढून प्रतिमा धाडते. सूचना की फोटो, हा निर्णय ते मॉडेलचा आकार बघून स्वतःच घेते. ही मर्यादा आपल्या लाइनप्रमाणे सेटिंगमध्ये कमी-जास्त करता येते.

दोष शोधण्याचा क्रम

चित्र अडले की खालच्या क्रमाने जावे. एका वेळी एकच गोष्ट तपासावी आणि एकच बदलावी.

पहिली पायरी: अक्षरे तरी नीट येतात का? लॉगिनच अडखळत असेल, तर चित्राचा विचार नंतर. पिंग चालवून जाण्या-येण्याचा वेळ आणि वाटेत हरवणारी डेटाची पाकिटे बघा. वाय-फायवर पाकिटे हरवत असतील, तर तारेने जोडून बघा. एसएसएचमध्ये एक पाकीट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी थांबतात, त्यामुळे थोडी गळतीही चित्राला फार जाचते.

दुसरी पायरी: डिस्प्ले चलात पत्ता आहे का? रिकामे असेल तर फॉरवर्डिंग सुरूच झालेले नाही. आज्ञेत कॅपिटल एक्स राहिला असेल, तिकडच्या एसएसएचमध्ये ही सोय बंद असेल किंवा एक्सऑथ नसेल. पत्ता ‘:०’ असा दिसत असेल, तर कोणीतरी तो लॉगिनच्या फाइलीत हाताने लिहून ठेवला आहे. ती ओळ काढा. हा पत्ता एसएसएचनेच लिहायचा असतो.

तिसरी पायरी: साधी खिडकी उघडते का? एक्सक्लॉकसारखा छोटा द्विमिती प्रोग्रॅम चालवा. घड्याळ दिसले तर मार्ग आणि परवानगी दोन्ही ठीक आहेत, दोष त्रिमितीत आहे. घड्याळही न दिसता परवानगीची तक्रार आली, तर घरफोल्डरचा कोटा बघा. वापरकर्ता बदलून काम करत असाल, तर नव्या वापरकर्त्याकडे मॅजिक कुकी नसते, हेही लक्षात घ्या.

चौथी पायरी: चित्र कोण काढतो आहे? जीएलएक्सइन्फो ही आज्ञा चालवा आणि ‘रेंडरर’ची ओळ वाचा. एलएलव्हीएमपाइप दिसले, तर काम साध्या प्रोसेसरवर चालले आहे. ग्राफिक्स कार्डाचे नाव दिसले, तर ते कुठल्या संगणकातले आहे हे ओळखा. हीच आज्ञा व्हीजीएलरनमार्फत चालवली की तिकडच्या कार्डाचे नाव दिसायला हवे. सगळ्या तपासात ही एक ओळ सर्वांत जास्त सांगून जाते.

पाचवी पायरी: मंद आहे तर कशाने? खिडकी लहान केल्यावर चित्र सुधारले, तर बँडविड्थ कमी पडते आहे. प्रतिमा जास्त दाबा, चित्रांची संख्या कमी करा. लहान करूनही फरक पडला नाही, तर लेटन्सीचा संशय घ्या आणि व्हीएनसीकडे वळा.

दोन लक्षणे वेगळी सांगायला हवीत. अक्षरे येतात, पण मोठी खिडकी उघडताच सगळे गोठते, आणि हे व्हीपीएन लावल्यावरच होते. इथे पाकिटाचा आकार तपासावा. नेहमीचे पाकीट १५०० बाइटचे असते. व्हीपीएन त्याला स्वतःचे वेष्टन घालते, पाकीट मर्यादेबाहेर जाते आणि वाटेत गुपचूप टाकले जाते. अक्षरांची छोटी पाकिटे मात्र निघून जातात. दुसरे लक्षण असे: पहिली २० मिनिटे सगळे चालते आणि मग नवी खिडकी उघडेनाशी होते. कॅपिटल एक्सने घेतलेल्या मर्यादित परवानगीची मुदत मूळ सेटिंगप्रमाणे तेवढीच असते. ती सेटिंगमध्ये वाढवता येते.

चौकट: थोडक्यात

- ‘डिस्प्ले उघडत नाही’: आपल्याकडचा एक्स सर्व्हर, डिस्प्लेचा पत्ता आणि एक्सऑथ, या क्रमाने बघा.
- साधी खिडकी येते, त्रिमिती काळी: अप्रत्यक्ष रेखाटन बंद आहे. व्हर्च्युअलजीएल वापरा.
- चित्र येते पण कूर्मगतीने: रेंडररची ओळ वाचा. एलएलव्हीएमपाइप असेल तर ग्राफिक्स कार्ड वापरलेच जात नाही.
- उघडायला वेळ, नंतर ठीक: लेटन्सी. व्हीएनसी वापरा.
- फिरवताना तुटक: बँडविड्थ. खिडकी लहान, प्रतिमा जास्त दाबलेली.
- काल चालले, आज नाही: घरफोल्डरचा कोटा.
- व्हीपीएनवर मोठे चित्र गोठते: पाकिटाचा आकार.

घाईत कुलूप काढू नका

चित्र येत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाला कोणीतरी सल्ला देते की एक्सहोस्ट लिहून पुढे अधिकचे चिन्ह टाका, सगळे चालेल. कधी चालतेही. पण त्या आज्ञेचा अर्थ असा की कुठल्याही यंत्राला माझ्या पडद्यावर यायची मुभा आहे. एक्सच्या रचनेत पडद्यावर आलेला प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत काय टाइप होते तेही वाचू शकतो. त्यात बँकेचा पासवर्डही आला. हा सल्ला कधीही पाळू नका.

कॅपिटल वायची परवानगीही विचार करून द्यावी. तिने दूरच्या संगणकावर पूर्ण भरवसा टाकला जातो, आणि तिथल्या व्यवस्थापकाचे अधिकार कोणा भामट्याने मिळवले तर तो आपल्या पडद्यापर्यंत पोचू शकतो. आपल्या ओळखीच्या, नीट सांभाळलेल्या संगणकासाठीच ती वापरावी. मूळ रचनेत कॅपिटल एक्सची परवानगी मर्यादित असते, पण डेबियनसारख्या काही लिनक्समध्ये दोन्हींचा अर्थ एकच ठेवलेला आहे, हे माहीत असू द्या. व्हीएनसीसुद्धा इंटरनेटवर उघडे ठेवू नये. एसएसएचच्या कूटबद्ध मार्गातूनच आणावे. कूटबद्ध केल्याने चित्र मंद होते अशी समजूत आहे, पण आजच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय असते आणि त्याचा भार क्वचितच जाणवतो.

मोठ्या संगणकावरची एक शिस्तही पाळावी. लॉगिन होते तो भाग सगळ्यांचा सामायिक असतो. तिथे जड चित्र चालवले तर बाकीच्यांची कामे मंदावतात. कामांच्या रांगेतून स्वतंत्र यंत्र मागून घ्यावे. स्लर्मसारख्या रांग सांभाळणाऱ्या व्यवस्थेत खिडकीसह यंत्र मागण्याची सोय असते.

एक कार्ड, अनेक विद्यार्थी

ही सगळी माहिती महासंगणकापुरती नाही. चांगले ग्राफिक्स कार्ड महाग असते आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये ते असणे शक्य नाही. व्हर्च्युअलजीएलमुळे एकाच कार्डावर अनेक जण एका वेळी काम करू शकतात, आणि २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्या यंत्राला स्वतःचा पडदा किंवा त्रिमितीसाठी वेगळा एक्स सर्व्हरही लागत नाही. अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव इथल्या महाविद्यालयांनी दहा-वीस मध्यम संगणकांच्या जोडीला एकच दणकट यंत्र घेऊन ते सगळ्या विभागांना सुरक्षित मार्गाने वापरू दिले, तर स्थापत्य, कृषी, भूगर्भ आणि वैद्यकीय चित्रण या साऱ्यांचे काम भागेल. महाविद्यालयाच्या आतल्या नेटवर्कवर लेटन्सी एखाद्या मिलिसेकंदाच्या घरात असते, त्यामुळे चित्र हाताबरोबर फिरते.

आणि त्यातूनही अडलेच, तर व्यवस्थापकाला नुसते ‘चित्र येत नाही’ असे लिहू नका. संदेश जसाच्या तसा, डिस्प्लेचा पत्ता, रेंडररची ओळ, पिंगचा वेळ आणि साधी खिडकी उघडते की नाही, एवढ्या पाच गोष्टी लिहा. चित्र तिथे निघते आहे की इथे, हे त्याला त्या पाच ओळींतून कळेल आणि दुरुस्ती नेमक्या ठिकाणी होईल.